पाच कॉलेजं, एक पेशंट: एकत्र शिकवायचं कसं आणि मार्क द्यायचे कसे?

वाचकाचं पत्र

"मी बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते. आमच्याच आवारात मेडिकल, डेंटल, फिजिओथेरपी आणि फार्मसी कॉलेजं आहेत. 'आंतरव्यावसायिक शिक्षण सुरू करा' असा आदेश आला म्हणून गेल्या वर्षी पाचही कॉलेजांच्या मुलांना सभागृहात बसवून दिवसभराची कार्यशाळा घेतली. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, आकडे वाढले, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळं जसंच्या तसं. यंदा नियोजन आणि मूल्यमापन, दोन्ही माझ्या गळ्यात पडलंय. टाइमटेबल जुळत नाहीत. एमबीबीएसची मुलं आमच्या मुलींचं ऐकून घेत नाहीत. नेमकं मोजायचं काय, हेच कळत नाही. आणि नर्सिंगच्या शिक्षिकेने दिलेले मार्क मेडिकलवाले मानतील का?
– एक अधिव्याख्याती, बेळगाव"

सल्ला

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य म्हणजे 'दुसऱ्या दिवशी वॉर्डात सगळं जसंच्या तसं.' खरं मूल्यमापन तुम्ही तिथेच केलंत. प्रश्नावलीला जे दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं. यंदाची आखणी त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. वॉर्डात ही मुलं एकमेकांसोबत काय करताना दिसायला हवीत, हे आधी ठरवा. ते कसं तपासणार, हेही त्याच बैठकीत लिहून काढा. बॅच कुठली, खोली कुठली, तास किती, हे त्यानंतर.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली या विषयाचा आराखडा प्रसिद्ध केला. दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात आणि त्यातून रुग्णाला मिळणारी सेवा सुधारते, तेव्हाच त्याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणायचं, असं त्यात धरलं आहे. तुमच्या सभागृहात मुलं सोबत होती, पण एकमेकांकडून शिकायचं कारण कुणालाच पडलं नाही. भाषण ऐकायला शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीची गरज लागत नाही. म्हणून व्याख्यान बाजूला ठेवा आणि असं काम शोधा, जे कुठल्याही एका कॉलेजच्या मुलांना एकट्याने पुरं करताच येणार नाही. माझ्या मते असं काम तुमच्या वॉर्डात रोज समोर असतं: पेशंटला घरी पाठवणं.

एक केस घेऊन बघू. ही मी बेतलेली आहे, पण तुमच्या भागातल्या कुठल्याही मेडिसिन किंवा सर्जरी वॉर्डात तिच्यासारखी कुणीतरी सापडेल. खानापूर तालुक्यातली पंचावन्न वर्षांची बाई. मधुमेह जुना. रोप लावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी काम केलं, तळपायाला काहीतरी लागलं, बधिरपणामुळे कळलंच नाही. जखम चिघळली तेव्हा दवाखान्यात आली. आता जखम स्वच्छ आहे, इन्सुलिन सुरू झालंय, उद्या डिस्चार्ज.

या बाईला एका दिवसात काय काय ऐकायला मिळतं बघा. मेडिसिनचे डॉक्टर राउंडला म्हणतात, साखर आटोक्यात ठेवायची तर रोज अर्धा तास चाला. फिजिओ म्हणतो, जखम भरेपर्यंत त्या पायावर भार टाकायचा नाही. सिस्टर सांगते, ड्रेसिंग एक दिवसाआड, पाय भिजवू नका. फार्मसीच्या खिडकीतून औषधांची पिशवी मिळते. आपापल्या जागी प्रत्येकाचं बरोबर आहे, पण चाला आणि चालू नका ही दोन्ही वाक्यं घेऊन ती बाई एसटीत चढते. हे चौघं एका टेबलाशी बसले असते तर पाच मिनिटांत तोडगा निघाला असता: सध्या खुर्चीत बसून हातांचे व्यायाम, भार न पडणारं पादत्राण, चालणं जखम भरल्यावर. मुलांना शिकायचं आहे ते हे पाच मिनिटांचं बोलणं.

इन्सुलिनचं उदाहरण मुद्दाम जवळून दाखवते. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरला ४० युनिटचं असतं आणि त्याची सिरिंज लाल टोपीची. १०० युनिटवाल्याची सिरिंज नारिंगी टोपीची. डॉक्टरने कागदावर '१० युनिट' लिहिलं. दुकानदाराने ४० ची कुपी दिली, पण सिरिंज नारिंगी टोपीची हाती ठेवली. बाईने १० च्या रेघेपर्यंत भरलं, तर शरीरात गेले ४ युनिट. उलट झालं, म्हणजे इन्सुलिन १०० चं आणि सिरिंज लाल टोपीची, तर १० ऐवजी २५ युनिट जातील आणि पहाटे घाम फुटून ती बेशुद्ध पडेल. लिहिणारा, देणारा, टोचायला शिकवणारी, तिघंही हुशार. चूक त्या तिघांच्या मधल्या जागेत होते. एमबीबीएसच्या मुलाला सिरिंजच्या टोपीचा रंग सहसा माहीत नसतो, फार्म डी हा फार्मसीचा अभ्यासक्रम करणाऱ्या मुलीला असतो. ती बाई एकादशीला कडक उपास करते आणि त्या दिवशी इन्सुलिनचं काय करायचं हे तिला कुणी सांगितलेलं नाही, हे बहुधा तुमच्या नर्सिंगच्या मुलीला कळतं, कारण बाई ते तिच्यापाशी बोलते.

भाषेचा प्रश्नही इथेच येतो, आणि तुमच्या भागात त्याला बगल देता येणार नाही. एमबीबीएसची बरीच मुलं बेंगळुरूची, उत्तरेची, कुठकुठली. खानापूर, निपाणी, चंदगडहून येणारा पेशंट मराठी बोलतो. गोकाक, सौंदत्तीचा कन्नड. वॉर्डात दोन्ही भाषा सहज बोलणारी माणसं म्हणजे बहुतेक वेळा नर्सिंगच्या, फिजिओच्या इथल्याच मुली. आजवर त्यांना 'जरा विचार गं हिला' म्हणून दुभाषी म्हणून वापरलं गेलं. तुमच्या आखणीत ही भाषा कौशल्य म्हणून मोजली जाऊ दे. पेशंटशी बोलण्याचा तो भाग ज्याला तिची भाषा येते तोच चालवेल, बाकीचे त्याच्या मदतीला, असा नियम करा. 'आमच्या मुलींचं ऐकत नाहीत' हे दुखणं नुसत्या उपदेशाने जाणार नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलं होतं की दोन गटांमधले पूर्वग्रह नुसत्या भेटीगाठींनी कमी होत नाहीत. त्या भेटीत दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. सभागृहात पुढच्या रांगेत मेडिकल आणि मागच्या रांगेत नर्सिंग, यात यातलं काय होतं?

आता गट कसे पाडायचे ते. पाच कॉलेजांतली सगळी मुलं पहिल्याच वर्षी घेऊ नका. आकडेच जमत नाहीत. फार्म डीच्या एका बॅचला ३० जागा असतात आणि एमबीबीएसची बॅच त्याच्या कितीतरी पट. सगळ्यांना बसवायचं म्हटलं की एका गटात पाच-सहा डॉक्टर होणारे आणि एकटी फार्मसीवाली, आणि ती तोंड उघडत नाही. एका गटात एका कॉलेजचे दोनपेक्षा जास्त नकोत, एकूण पाच-सहा जण पुरेत. वॉर्डातल्या एका डॉक्टर-चमूकडे (युनिटकडे) पोस्टिंगला असलेल्या बॅचवर सुरुवात करा. वर्ष जुळवताना वय किंवा इयत्ता बघू नका, वॉर्डातला अनुभव बघा. तिसऱ्या वर्षाची नर्सिंगची मुलगी आणि वॉर्डात नुकता येऊ लागलेला एमबीबीएसचा मुलगा हे चांगलं जुळतं, तिला वॉर्ड जास्त ठाऊक असतो आणि त्यालाही ते दिसतं. डेंटलला या केसमध्ये ओढून-ताणून आणू नका. अर्धांगवायूच्या पेशंटची केस घ्याल तेव्हा त्यांना जरूर बोलवा, कारण अशा पेशंटचं तोंड अस्वच्छ राहिलं तर न्यूमोनियाची भीती वाढते आणि तिथे त्यांचं काम खरंच असतं. वैद्यकीय समाजसेवक मात्र पहिल्या दिवसापासून हवा. एखादी चंदगडची बाई घरी जाते म्हणजे दुसऱ्या राज्यात, महाराष्ट्रात जाते. तिची आशाताई वेगळी, प्राथमिक आरोग्य केंद्र वेगळं, सरकारी योजनेचं कार्ड वेगळं. ड्रेसिंग कुठे करून घ्यायचं आणि पैसे कोण भरणार हे त्या एका माणसाखेरीज गटात कुणाला ठाऊक नसतं.

टाइमटेबलबद्दल थोडक्यात. नवे तास मागायला गेलात तर पाच प्राचार्य पाच कारणं सांगतील. आहेत त्या तासांत घुसा. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांसाठी राखीव तास आहेत आणि 'आरोग्य चमूचा सदस्य आणि नेता' होणं हे डॉक्टरचं एक काम म्हणून लिहिलेलंच आहे. गावातली कुटुंबं दत्तक घेण्याचा कार्यक्रमही त्यात आला. नर्सिंगला कम्युनिटी पोस्टिंग असतं, फार्म डीला वॉर्ड राउंड. चार वेगळ्या कागदांवरच्या या गोष्टी एकाच गुरुवारी दुपारी एकाच वॉर्डात आणणं, नियोजन म्हणजे एवढंच. चार दुपारी मिळाल्या तरी बस. पहिल्या दुपारी प्रत्येकाने दुसऱ्याच्या कामाच्या मागे फिरायचं: एमबीबीएसच्या मुलाने ड्रेसिंग बघायचं, नर्सिंगच्या मुलीने फार्मसीत उभं राहायचं. दुसऱ्या दुपारी गटाने पेशंटशी बोलायचं, एकदाच आणि तिच्या परवानगीने. दिवसाला एक गट, त्यापेक्षा जास्त नाही. आजारी माणसाला पाच गटांपुढे तीच कहाणी सांगायला लावणं बरं नव्हे. तिसऱ्या दुपारी घरी जाण्याचा बेत लिहायचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टर आणि वॉर्डच्या सिस्टरकडून तपासून घ्यायचा. त्यांची सही नसेल तर तो कागद पेशंटकडे जाता कामा नये. चौथ्या दुपारी परीक्षा.

परीक्षेबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमची खरी अडचण तीच आहे.

तुम्ही वापरलेली प्रश्नावली वाईट नाही, पण तिच्यातून कळतं फार थोडं. १९९९ साली पार्सेल आणि ब्लाय यांनी तयार केलेली १९ विधानांची प्रश्नावली या क्षेत्रात जगभर वापरली जाते. 'टीमने काम केलं तर पेशंटचं भलं होतं' अशा धर्तीच्या विधानाला मुलं पहिल्याच दिवशी 'पूर्ण सहमत' म्हणतात. वर जायला जागाच उरत नाही. शिवाय ती आवड मोजते, कृती मोजत नाही. आंतरव्यावसायिक शिक्षणाच्या मूल्यमापनात पायऱ्या मानल्या जातात: मुलांना आवडलं का, दृष्टिकोन बदलला का, ज्ञान आणि कौशल्य आलं का, वागणं बदललं का, संस्थेच्या कामाच्या पद्धतीत फरक पडला का, आणि शेवटी पेशंटचा फायदा झाला का. सभागृहाची कार्यशाळा पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबते. तुम्ही तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर नेम धरा. शेवटच्या पायरीचं वचन मात्र कुठल्याही अहवालात देऊ नका. जगभरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या या विषयावरच्या आढाव्यात निकष पूर्ण करणारे फक्त १५ अभ्यास सापडले. त्यातल्या ७ मध्ये चांगला परिणाम दिसला, ४ मध्ये संमिश्र, ४ मध्ये काहीच नाही. विषयाबद्दल मनापासून आस्था असली तरी आकडे आहेत तसेच मांडावेत.

चौथ्या दुपारची परीक्षा अशी घ्या. खऱ्या पेशंटऐवजी गावातल्या दोन-तीन बायकांना ही भूमिका नीट शिकवून तयार करा. एक मराठी बोलणारी, एक कन्नड. गटापुढे एक बदल टाका, उदाहरणार्थ 'बाईच्या घरी फ्रिज नाही' किंवा 'इन्सुलिन नवऱ्याला टोचायला सांगायचंय, पण त्याला रेघा दिसत नाहीत.' दहा मिनिटं आपसात बोलायचं, मग दहा मिनिटं बाईला समजावायचं. शेवटी त्या बाईने घरी काय काय करायचं ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. ती जे परत सांगेल ते गटाचे मार्क. सिरिंज कुठली, चालायचं की नाही, उपासाला काय, धोक्याची खूण दिसली तर कुठे जायचं: चार गोष्टींपैकी तिने किती बरोबर सांगितल्या. ही तपासणी कुठल्याच कॉलेजच्या बाजूने झुकत नाही. ज्या गटाने सुंदर इंग्रजीत बेत लिहिला पण बाईला पोचवला नाही, त्या गटाला मार्क नाहीत.

गटाच्या मार्कांआड चुकार मुलं लपतात. म्हणून अर्धे मार्क एकट्याचे ठेवा. दहा मिनिटांच्या चर्चेत निरीक्षकांनी प्रत्येकाचं एवढंच बघायचं: आपल्या कामाची माहिती दुसऱ्याला कळेल अशी दिली का, दुसऱ्याला प्रश्न विचारला का, काही चुकतंय असं वाटलं तेव्हा बोलला का, आणि दुसऱ्याने टोकल्यावर आपलं मत बदलायला तयार झाला का. या चार ओळींचा तक्ता आणि प्रत्येक ओळीत 'दिसलं नाही, थोडं दिसलं, स्पष्ट दिसलं', बाकी काही नको. वीस ओळींचे तक्ते मी बघितलेत. परीक्षक तिसऱ्या मुलानंतर सगळीकडे मधला आकडा टाकू लागतात. त्यानंतर प्रत्येकाने पानभर लिहायचं: दुसऱ्या कॉलेजच्या कुणाचं काय ऐकून मी माझ्या बेतात काय बदललं? 'मला टीमवर्कचं महत्त्व पटलं' असं लिहिणाऱ्याला शून्य द्या. 'मला वाटलं होतं रोज चालायला सांगावं, फिजिओच्या मुलाने जखमेवरचा दाब दाखवला, म्हणून ते काढलं' असं लिहिणाऱ्याला पूर्ण.

आणखी एक गोष्ट, जी नियोजनाच्या कागदावर सहसा येत नाही. मुलं आपल्याकडे बघत असतात. शिक्षकांची जोडी दोन वेगळ्या कॉलेजांची हवी आणि त्या दोघांनी मुलांसमोर एकमेकांना खरे प्रश्न विचारायला हवेत. राउंडला प्रोफेसरने सिस्टरकडे न बघता फाईल मागितली तर तुमच्या चार दुपारी त्या एका सकाळी वाहून जातील. म्हणून मुलांच्या आधी दोन बैठका शिक्षकांच्या घ्या, हीच केस सोडवत, मुलांसारख्याच गटांत.

राहिला शेवटचा प्रश्न, मार्क मानतील का. नुसते तुमचे म्हणून दिलेत तर कदाचित नाही, आणि त्यावर भांडत बसू नका. प्रत्येक गटाला दोन परीक्षक, एक नर्सिंगचा आणि एक मेडिकलचा, जमलं तर तिसरा फिजिओचा. सुरुवातीला सगळ्यांनी मिळून एकाच गटाचं रेकॉर्डिंग बघा, आपापले मार्क टाका आणि फरक पडला तिथे का पडला ते बोला. दोन-तीनदा केलंत की आकडे जवळ येतात, आणि मग मार्क कोणाच्या कॉलेजचे हा प्रश्न विरतो. पहिल्या वर्षी हे मार्क अंतिम निकालात धरायचा आग्रह नको. लॉगबुकमध्ये दोन्ही परीक्षकांच्या सहीने 'पूर्ण केलं' किंवा 'पुन्हा करावं' एवढी नोंद पुरे. पण ती नोंद पाचही कॉलेजांच्या लॉगबुकात एकाच शब्दांत असावी. एकाने सक्तीचं केलं आणि दुसऱ्याने ऐच्छिक, तर ऐच्छिकवाली मुलं दुसऱ्या दुपारपासून येणार नाहीत.

पहिल्या बैठकीचं पत्र एकटीच्या नावाने काढू नका. मेडिसिन विभागात ज्याला हे पटतं असा एखादा सहायक प्राध्यापक शोधा. प्रत्येक कॉलेजात एक तरी असतो. त्याच्यासोबत दोघांच्या सहीने पत्र जाऊ दे. बैठकीला आराखड्याची फाईल नेऊ नका. एक लाल टोपीची आणि एक नारिंगी टोपीची सिरिंज, ४० युनिटची एक कुपी न्या, आणि पाचही प्राचार्यांसमोर ठेवून विचारा, '१० युनिट भरून दाखवता का?'